ठगाची गोष्ट सांगणारा साहेब

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा हे गाव आहे. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असते ते तिथल्या तलावामुळे. डोंगर आणि रान यांच्या कुशीत पसरलेले पाणी, हिवाळ्यात उतरणारे पक्षी, जवळच नागझिऱ्याचे जंगल. दिवसा हा देखावा कॅलेंडरावरच्या चित्रासारखा दिसतो. अंधार पडला की मात्र रानाचे दुसरे रूप सुरू होते. रानात कोणी वाट चुकला तर त्याला चकवा लागला म्हणायचे. वाघाच्या नावाने दगडाला शेंदूर लावायचा. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. अशा मुलखात एखादे प्रेत सापडले तर एकाच वेळी दोन तपास चालू होतात. एक पोलिसांचा, त्यात पंचनामा असतो, जबाब असतात. दुसरा गावाचा, तो पारावर, पाणवठ्यावर आणि चुलीपाशी चालतो, आणि त्यात आरोपी माणूसच असावा अशी अट नसते.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला या दुसऱ्या तपासाचा मोह पडला नाही तरच आश्चर्य. स्पेनमध्ये सध्या या मोहाला बहर आला आहे. दोलोरेस रेदोंदो या लेखिकेची २०१३ साली आलेली ‘अदृश्य रक्षक’ ही कादंबरी घ्या. उत्तरेकडच्या नाव्हारा प्रांतात बास्तान नावाचे दाट झाडीचे, पावसाळी खोरे आहे. तिथे नदीकाठी कोवळ्या मुलींची प्रेते सापडू लागतात. प्रेतावर गावातला पारंपरिक गोड केक ठेवलेला असतो. तपासाला येते आमाया सालाझार ही त्याच गावातली पोलीस अधिकारी, आणि लोक बोलू लागतात ते बासाहाउनबद्दल. बासाहाउन म्हणजे बास्क लोककथांतला अंगभर केसांचा रानाचा धनी. एवा गार्सिया साएन्स दे उर्तुरी हिच्या २०१६ सालच्या कादंबरीत वितोरिया शहरातल्या प्रेतांजवळ एगुस्किलोरेची वाळलेली फुले मिळतात. आपण दारावर लिंबू-मिरची बांधतो तसे बास्क लोक वाईट शक्तींना अडवायला हे काटेरी फूल दारावर लावतात. वाचकाला या जुन्या गोष्टींनी काटा येतो, शेवटी खुनी माणूसच निघतो, पुस्तक मिटते. कोणाचे काही बिघडत नाही.

पण त्याच नाव्हाराच्या डोंगरात एकदा फार बिघडले होते. १६१० साली लोग्रोन्यो येथे धर्मन्यायालयाने सुगारामुर्दी आणि आसपासच्या गावांतल्या माणसांना चेटूक केल्याबद्दल शिक्षा दिल्या. सहा जण जिवंत जाळले गेले. पाच जण आधीच तुरुंगात मेले होते, त्यांच्या प्रतिमा जाळल्या. पुढे न्यायाधीशांपैकीच एक, आलोन्सो दे सालाझार, गावोगाव हिंडला, शेकडो कबुलीजबाब त्याने तपासले आणि निष्कर्ष काढला की चेटकिणींबद्दल बोलणे-लिहिणे सुरू होण्याआधी तिथे चेटकिणी नव्हत्याच. गोष्ट आधी आली, गुन्हेगार मागून आले.

आपल्याकडे लोकसमजुतींच्या पायावर गुन्ह्याची कादंबरी उभी करणारा पहिला मोठा लेखक शोधू गेलो तर हात जाऊन थांबतो एका इंग्रज अधिकाऱ्यावर. त्याचे आयुष्य मराठवाड्यात, वऱ्हाडात आणि कृष्णा-भीमेच्या काठी गेले. त्याचे नाव फिलिप मेडोज टेलर. नळदुर्ग, तुळजापूर, बुलढाणा या गावांशी त्याचा संबंध पुस्तकी नाही, नोकरीचा आहे.

टेलर २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला जन्मला. वडील व्यापारी, पण धंद्याला उतरती कळा लागलेली. पोराला मुंबईच्या बॅक्स्टर नावाच्या व्यापाऱ्याकडे पाठवले की पुढे भागीदारी मिळेल, असे घरच्यांना वाटले. १८२४ साली पंधरा वर्षांचा हा मुलगा मुंबईत उतरला तेव्हा कळले की बॅक्स्टरचाच धंदा बुडत चालला आहे. भागीदारी राहिली बाजूला, पगाराची पंचाईत. आईकडून नात्यातले एक अधिकारी मुंबई सरकारात वरच्या जागी होते. त्यांनी खटपट करून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली. हा तपशील महत्त्वाचा आहे. टेलर कंपनी सरकारचा नोकर झाला नाही. निजामाचा नोकर झाला. त्यामुळे कलकत्त्याच्या मेजवान्यांपेक्षा त्याला दख्खनच्या चावड्या जास्त कळल्या.

फौजेत तो नुसता कवायत करीत बसला नाही. उर्दू आणि मराठी तो शिकला, आणि शिकला म्हणजे दुभाषा बाजूला सारून शेतकऱ्याशी बोलता येईल इतकी शिकला. अठराव्या वर्षीच त्याला निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसांच्या कामावर नेमले. आजच्या हिशेबाने कॉलेजात जाणारे पोर, आणि हाताखाली मैलच्या मैल पसरलेला मुलूख. तिथे त्याच्या कानावर विचित्र गोष्टी येऊ लागल्या. वाटसरू घरून निघतात आणि मुक्कामाला पोचत नाहीत. कुठे आमराईत, कुठे नाल्याच्या काठी पुरलेली प्रेते सापडतात. अंगावर शस्त्राची जखम नसते, गळ्याभोवती आवळल्याची खूण असते. टेलरला संशय आला की यामागे एकटा-दुकटा दरोडेखोर नाही, टोळ्या आहेत. तपास रंगात येतो न येतो तोच १८२९ साली त्याला पलटणीत परत बोलावले. ही हळहळ त्याने जन्मभर बाळगली. कारण पुढच्याच वर्षांत विल्यम स्लीमन याने जबलपूरकडे ठगांचे जाळे उघडकीला आणले आणि सगळी कीर्ती त्याच्या वाट्याला गेली.

स्लीमनचा मुलूख बोदलकशापासून तसा दूर नाही. उत्तरेला बालाघाट ओलांडले की शिवनी, आणि शिवनीवरून जबलपूर. नागपूरहून उत्तर हिंदुस्थानात जाणारा यात्रेकरू, शिपाई, सावकाराचा माणूस याच वाटेने जाई. रेल्वे नव्हती. एकट्याने जाणे धोक्याचे म्हणून लोक सोबत शोधत, आणि ठगाचा सगळा धंदा या सोबतीवर चाले. गोड बोलणारा, चार गोष्टी सांगणारा, आपल्याच जातीचा वाटणारा माणूस वाटेत भेटे. तीन-चार मुक्काम बरोबर होत. मग एका रात्री कोणीतरी तंबाखू मागे. ती तंबाखूची मागणी नसे, खूण असे. रुमाल गळ्याभोवती पडे, आणि खड्डा आधीच खणून ठेवलेला असे.

स्लीमनने पकडलेल्या ठगांतल्या काहींना माफीचे साक्षीदार केले आणि त्यांच्याकडून नुसती खुनांची यादी नाही, तर त्यांचे समज, शकुन, देवदेवताही वदवून घेतल्या. १८३६ साली त्याने ठगांच्या गुप्त भाषेचा कोशच छापला. त्यातून बाहेर आलेली कथा मराठी घरात सप्तशतीचा पाठ ऐकलेल्या माणसाला अर्धी ओळखीची वाटेल. रक्तबीज राक्षसाच्या रक्ताच्या थेंबाथेंबातून नवा राक्षस उभा राहतो, इथपर्यंत पुराण. पुढचे ठगांचे. दमलेल्या देवीने आपल्या घामातून दोन पुरुष निर्माण केले, त्यांच्या हाती रुमाल दिला आणि रक्ताचा थेंब न सांडता राक्षस मारायला सांगितले. काम झाल्यावर तोच रुमाल त्यांना उपजीविकेसाठी ठेवायला दिला. पूर्वी म्हणे देवी प्रेते स्वतःच खाऊन टाकी. एका नवख्याने मागे वळून पाहिले आणि ती कोपली. तेव्हापासून पुरण्याचे काम ठगांच्या डोक्यावर आले, आणि त्यासाठी तिने आपला दात कुदळीकरिता दिला. मोहीम दसऱ्यानंतर निघे. गाढवाचे ओरडणे, घुबड, आडवा गेलेला ससा, सगळ्याचे अर्थ ठरलेले. आणि खुनानंतरचा गुळाचा प्रसाद! तो एकदा जिभेला लागला की माणूस पुन्हा दुसऱ्या कशाचा राहत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती असे साक्षीदारांनी सांगितले.

याच सुमारास हैदराबाद राज्यातही ठगांची धरपकड झाली आणि टेलरला कबुलीजबाब घेण्याची संधी मिळाली. त्याला ठगी खात्यात जायचे होते, पण वरिष्ठांनी सोडले नाही. पोलिसाला जे करता आले नाही ते लेखकाने केले. आजारपणाच्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने लिहायला घेतले आणि रजेवर विलायतेला गेला असताना, १८३९ साली, ‘एका ठगाचा कबुलीजबाब’ ही कादंबरी तीन भागांत प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये एकच गाजावाजा झाला. राणी व्हिक्टोरिया तेव्हा नुकतीच गादीवर आलेली, वीस वर्षांची होती. पुस्तक पुरे होईपर्यंत तिला दम निघेना, म्हणून छापखान्यातले फर्मे जसे तयार होतील तसे तिच्याकडे जात, असे टेलरने नमूद केले आहे.

कादंबरीचा निवेदक अमीर अली हा स्वतःच ठग. तुरुंगात बसून तो एका साहेबाला आपली हकीगत सांगतो. साहेब क्वचितच तोंड उघडतो. गुन्हेगारानेच गुन्ह्याची गोष्ट सांगायची ही युक्ती आज रोजची झाली आहे. त्या काळी इंग्रजी वाचकाला ती धक्का देणारी होती, आणि तीही एका हिंदी माणसाच्या तोंडून. लहान अमीरचे आईबाप ठगांनीच मारलेले असतात, एक ठग त्याला मुलासारखा वाढवतो, दसऱ्याला त्याची दीक्षा होते, पुढे तो चितू पेंढाऱ्याच्या टोळीतही घोडे दौडवतो. प्रेमळ नवरा, मुलीवर जीव टाकणारा बाप आणि निर्विकार खुनी, हे सगळे एकाच माणसात. अमीर अली नावाचा एक खरा माफीचा साक्षीदार होता आणि ७१९ खुनांत त्याचा हात होता, असे टेलर प्रस्तावनेत सांगतो. बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर आकडा हजारावर गेला असता, असे त्या गृहस्थाला वाटे म्हणे!

टेलरचे खरे कसब दिसते ते एका ताइतात. बालपणापासून अमीरच्या आठवणीत बहिणीच्या गळ्यातले एक जुने नाणे आहे. शेकडो पाने उलटल्यावर, एका तरुण स्त्रीला मारल्यानंतर कितीतरी दिवसांनी, त्याच नाण्यावरून त्याला कळते की आपण कोणाचा गळा आवळला. जे नाणे दृष्ट लागू नये म्हणून बांधले, तेच पुरावा होते. लोकसमजूत नुसती भीती घालायला न वापरता कथेचा कणा म्हणून वापरावी, हे बास्तानच्या खोऱ्यातल्या लेखिकेला आज जमले. टेलरने ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी करून ठेवले होते.

पण इथेच कादंबरीला एक अवघड वळण लागते. वाचकांनी अमीर अलीला पात्र म्हणून वाचले नाही, पुरावा म्हणून वाचले. टेलर प्रत्यक्ष तिथे काम केलेला माणूस, त्यात कबुलीजबाब हे नाव. देवीच्या हुकमाने वंशपरंपरा खून करणारा पंथ, ही कल्पना यातून साऱ्या युरोपात पक्की झाली. आज इतिहासकार ती तशी मान्य करीत नाहीत. हिरालाल गुप्तांनी १९५९ मध्येच शंका घेतली होती. किम वॅग्नर यांनी २००७ मधल्या पुस्तकात कागदपत्रे पुन्हा तपासली. वाटमारीच्या टोळ्या होत्या, गळा आवळून खून होत होते, यात वाद नाही. पण त्यात हिंदू होते, मुसलमान होते, युद्धे संपल्यावर बेकार झालेले शिपाई होते, आणि टोळ्यांना पाठीशी घालून वाटा घेणारे जमीनदार होते. देवीची पूजा, शकुन, दसऱ्याचे सीमोल्लंघन हे तर गावातला शेतकरी आणि फौजेतला शिपाईही पाळत असे. त्यालाच गुन्ह्याचे कारण ठरवणे म्हणजे खुनी एकादशी करतो म्हणून एकादशीला खुनाचे मूळ मानण्यासारखे आहे. शिवाय फाशी टाळायची तर साहेबाला हवे ते बोललेले बरे, हे माफीच्या साक्षीदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

याची किंमत कादंबरीच्या पानांत राहिली नाही. १८३६ च्या कायद्याने विशिष्ट खून सिद्ध न करताही, ठगांच्या टोळीत असल्यावरून जन्मठेप देता येऊ लागली. गुन्हा माणूस करतो, या तत्त्वाऐवजी गुन्हा जमातीच्या रक्तात असतो, हा विचार कागदावर रुजला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली. आतल्या माणसांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचे नाही. मूल जन्माला आले की तेही गुन्हेगार. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हे जोखड निघाले. एका कादंबरीने हे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कायदे कादंबऱ्या वाचून होत नाहीत. पण कायदा करणाऱ्यांच्या आणि त्याला मान डोलावणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होते, त्यातले बरेचसे रंग टेलरने भरले होते.

आणि गंमत अशी की तो स्वतः जमातीच्या जमाती गुन्हेगार मानणारा माणूस नव्हता. १८४१ साली त्याला आजच्या कर्नाटकातल्या शोरापूर, म्हणजे सुरपूर संस्थानात पाठवले. राजा व्यंकटप्पा नाईक लहान होता, राणी आणि कारभाऱ्यांचे बेबनाव होते, आणि प्रजा होती बेडरांची. इतर साहेबांच्या लेखी बेडर म्हणजे लुटारू. टेलर त्यांच्यात बारा वर्षे राहिला. त्याच्याजवळ मोठी फौज नव्हती. त्याने हिशेब नीट केले, रस्ते आणि तलाव बांधले, जुन्या दगडी थडग्यांचा अभ्यास केला, लंडनच्या टाइम्सला बातमीपत्रे लिहिली. याच काळात, १८४४ मध्ये, त्याची पत्नी मेरी वारली. ती हैदराबादच्या पामर सावकाराची मुलगी. तिची आजी बेगम होती. टेलरने पुन्हा लग्न केले नाही. लोक त्याला महादेव बाबा म्हणू लागले. लोककथा गोळा करणारा साहेब स्वतःच त्यात जाऊन बसला. टेकडीवरचा त्याचा बंगला टेलर मंझिल या नावाने ओळखला जातो.

छोटा राजा त्याला अप्पा म्हणे. राजाच्या पत्रिकेत एक भाकीत होते, ते घरच्या शास्त्र्याने टेलरला गुप्तपणे सांगितले. चोविसावे वर्ष हा मुलगा पार करणार नाही. टेलरने ते मनावर घेतले नाही, पण विसरलाही नाही.

१८५३ साली निजामाने इंग्रजांना काही जिल्हे तोडून दिले, तेव्हा टेलर नळदुर्गला आला. धाराशिव भागातल्या जमिनीची मोजणी, सोलापूरकडे जाणारी सडक, पाण्याची कामे, हे त्याचे दिवस. बाजूलाच तुळजापूर. ज्या भवानीला त्याने कादंबरीत खुन्यांची देवी म्हणून रंगवले, तिच्या पायऱ्या उतरणारे लेकुरवाळे, कवड्यांच्या माळा घातलेले गोंधळी, पोत पाजळणारे भक्त तो आता रोज पाहत होता. १८६३ साली आलेल्या ‘तारा’ या त्याच्या कादंबरीत हे तुळजापूर आहे. नायिका भवानीच्या सेवेतली ब्राह्मण कन्या आहे, शिवाजी महाराज आणि अफजलखान यांचा काळ आहे. माझ्या मते ही त्याची सगळ्यांत प्रेमाने लिहिलेली कादंबरी. देवी तीच, पण चोवीस वर्षांनी लेखक बदलला होता. मात्र जगाने ‘तारा’ फारशी लक्षात ठेवली नाही. ठग मात्र विसरले नाहीत. इंग्रजीत गुंडाला ठग म्हणतात तो शब्द आपल्याकडूनच गेला.

१८५७ च्या धामधुमीत त्याला तातडीने वऱ्हाडात बुलढाण्याला धाडले. फौज मिळणार नाही, आहे त्यावर निभावून ने, असा हुकूम. त्याने गावोगावच्या पाटील-देशमुखांशी बोलून मुलूख शांत ठेवला. पण शोरापूरला वणवा पेटला. व्यंकटप्पा नाईक १८५८ च्या सुरुवातीला इंग्रजांविरुद्ध उठला, हरला, पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटायला गेला. आधी फाशी, मग जन्मठेप आणि शेवटी गव्हर्नर जनरलने ती चार वर्षांच्या कैदेवर आणली. वागणूक बरी राहिली तर राज्यही परत मिळण्याची आशा होती. टेलरने त्या वृद्ध शास्त्र्याला सांगितले की आता तरी पत्रिका खोटी ठरली. शास्त्र्याला ते पटले नाही. कैदेच्या वाटेवर, पहिल्याच मुक्कामात, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने काढून ठेवलेले पिस्तूल राजाच्या हाती लागले आणि एक बार झाला. चोविसावे वर्ष चालू होते. तो अपघात होता की आत्महत्या, याचा कल टेलरला शेवटपर्यंत लागला नाही. हयातभर कबुलीजबाब घेतलेल्या माणसाला या एका मृत्यूचा जबाब मिळाला नाही. आत्मचरित्रात त्याने ही हकीगत जशी घडली तशी मांडली आहे, भाकितासकट.

१८६० साली प्रकृती ढासळून तो मायदेशी गेला. तिथे उरलेल्या ताकदीने त्याने लिहिले. १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावरची तीन कथानके, त्यातली ‘सीता’ एका हिंदू विधवेच्या आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या लग्नाची. शाळांसाठी हिंदुस्थानचा इतिहासही लिहिला. दृष्टी जात चालली होती. १८७५ मध्ये जवळजवळ आंधळ्या अवस्थेत तो पुन्हा हैदराबादला आला, आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समधल्या मांतों गावी १३ मे १८७६ रोजी वारला. आत्मचरित्र मुलीने पुढच्या वर्षी छापून आणले. चांदबिबीवरची शेवटची कादंबरी त्यानंतर १८७८ मध्ये निघाली.